कंपायलरनं रेटून बोलू नये

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम. जीसीसी हा सी, सी++ वगैरे भाषांचा असाच एक कंपायलर, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत 'तुम्हाला बग सापडलाय का?' असा एक छोटा भाग आहे. त्यात सुरुवातीलाच रोखठोक लिहिलंय: कंपायलरला काहीही इनपुट द्या, तो घातक सिग्नलनं मेला तर तो कंपायलरचा बग, भरवशाचे कंपायलर कधीच क्रॅश होत नाहीत. यातलं पहिलं विधान मला पूर्ण मान्य आहे. समोरचा कोड कितीही भिकार असो, कंपायलरनं मान टाकायला ते कारण होऊ शकत नाही. दुसऱ्या विधानाशी मात्र माझं भांडण आहे. ध्येय म्हणून ते ठीक आहे, पण मोजपट्टी म्हणून वापरायला घेतलं की त्यातून उलटाच धडा निघतो. क्रॅश होणं ही नामुष्की ठरली की कसंही करून क्रॅश टाळणं हे काम होऊन बसतं. आणि क्रॅश टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता? आत काहीतरी बिनसलंय हे कळत असूनही पुढे चालत राहायचं. खोटं बोल, पण रेटून बोल.

माझं म्हणणं असं की कंपायलरला आपल्याच पोटात काही बिघडलेलं दिसलं तर त्यानं तिथल्या तिथे थांबावं, चूक आपली आहे हे स्वच्छ सांगावं आणि त्या चुकीचा पुरावा स्वतः गोळा करून वापरणाऱ्याच्या हाती द्यावा. थांबण्याचं काम आजचे कंपायलर बऱ्यापैकी करतात. कबुलीत ते अजून गडबडतात. पुराव्याच्या बाबतीत तर बहुतेकांनी सगळा भार वापरणाऱ्याच्या खांद्यावर टाकून दिलाय.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेमीकोलन राहिला, टाइप जुळला नाही, तर कंपायलर तुमची चूक दाखवतो. ते त्याचं रोजचं काम. अंतर्गत चूक म्हणजे निराळं प्रकरण. कंपायलर तुमचा कोड वाचून त्याचं एक अंतर्गत रूप तयार करतो आणि त्यावर एकामागून एक पास, म्हणजे तपासणीच्या किंवा बदलाच्या फेऱ्या, चालवतो. प्रत्येक पास काही गोष्टी गृहीत धरून चालतो. इथवर आलेल्या प्रत्येक एक्स्प्रेशनला टाइप मिळालेला असणार, प्रत्येक बेसिक ब्लॉकच्या (मध्ये वाट न फुटणाऱ्या सूचनांच्या तुकड्याच्या) शेवटी कुठे जायचं ते ठरलेलं असणार, व्हेरिएबलला किंमत आधी मिळणार आणि वापर नंतर होणार. यातलं एखादं गृहीतक खोटं निघालं की पडद्यावर 'इंटर्नल कंपायलर एरर' उमटते आणि सोबत कंपायलरच्या स्वतःच्या सोर्समधल्या फंक्शनचं नाव व ओळ क्रमांक येतो. तुमच्या फाइलमधल्या चुकीशी त्या ओळीचा काही संबंध नसतो. हॅस्केलचा जीएचसी तर 'पॅनिक! अशक्य ते घडलं' अशी कबुलीच देऊन टाकतो. या धंद्यातले लोक या सगळ्याला आयसीई म्हणतात.

वापरणाऱ्याला आयसीई म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. रिलीज तोंडावर आलंय, बिल्ड हवाय, आणि ज्या हत्यारावर कधी शंका घेतली नाही तेच हात वर करतं. चिडचिड होणारच. पण थांबला नसता तर काय झालं असतं, हा हिशेब त्या घडीला कुणी मांडत नाही. ते खोटं गृहीतक कुणी तपासलंच नसतं, तर पास पुढे चालला असता. एखादी लूप एक फेरी कमी फिरली असती, एखादी साइन्ड (ऋण आकडे धरणारी) तुलना अनसाइन्ड (ऋण आकडे न धरणारी) होऊन बसली असती, आणि बिल्ड यशस्वी म्हणून सगळे घरी गेले असते. मग पुढे कधीतरी, कुठल्याशा वेगळ्याच मशीनवर आकडे चुकायला लागले की कुणीतरी आपला कोड पुन्हा पुन्हा चाळत बसलं असतं. बग तिथे नाहीच, त्यामुळे तो सापडतही नाही.

ही भीती काल्पनिक नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचं एक हत्यार तयार केलं होतं. भाषेच्या नियमात बसतील असे सी प्रोग्राम ते हत्यार यदृच्छेनं रचतं. असा प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरना द्यायचा आणि निघालेल्या एक्झिक्युटेबल्सची उत्तरं जुळतात का ते पाहायचं. २०११ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले: तीन वर्षांत ३२५ हून अधिक नवे बग कळवलेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्यांनी तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी क्रॅश झाला आणि प्रत्येकानं कधी ना कधी निमूटपणे चुकीचा कोडही काढला. कधीच क्रॅश न होणाऱ्या कंपायलरांचा वेगळा वर्ग त्यांना सापडलाच नाही. बिघाड सगळ्यांकडे होते, काही दिसत होते, काही झाकलेले होते.

त्या अभ्यासात कॉम्पसर्टही होता. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत झेवियर लरॉय यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला, गणिती सिद्धतेची जोड असलेला सीचा कंपायलर. सीस्मिथला त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड काढणारा एकही बग सापडला नाही, आणि शोधण्यासाठी जवळपास सहा सीपीयू-वर्षं (एका प्रोसेसरचं सहा वर्षांचं काम) खर्ची घातली होती. कॉम्पसर्टचं नाव निघालं की लोक 'बिनचूक कंपायलर' असं म्हणून पुढे सरकतात. मला मात्र त्याचं प्रमेय नेमकं काय वचन देतं ते महत्त्वाचं वाटतं. दिलेला प्रत्येक प्रोग्राम मी कंपाइल करीनच, असं ते म्हणत नाही. मी आउटपुट दिलंच, तर त्याचं वागणं सोर्सच्या वागण्याशी जुळेल, एवढंच ते म्हणतं. थांबण्याची मुभा प्रमेयातच लिहिलेली आहे. रजिस्टर वाटपाचं, म्हणजे कोणती किंमत प्रोसेसरच्या आतल्या कोणत्या जागेत ठेवायची ते ठरवण्याचं, उदाहरण घ्या. ते काम एक सिद्धता नसलेला कोड करतो आणि त्याचं उत्तर सिद्ध केलेला तपासनीस तपासतो. तपासनिसाला उत्तर पटलं नाही तर कंपाइलेशन तिथेच संपतं. विश्वासार्हतेची इतकी कडक व्याख्या करणाऱ्यांनीसुद्धा 'थांबणार नाही' हे वचन दिलेलं नाही. 'फसवणार नाही' हे दिलंय.

आता याची उलट बाजू, म्हणजे थांबण्याचा निर्णय घेतल्यावर काय शिव्या खाव्या लागतात ती. रस्ट या भाषेची १.५२.० ही आवृत्ती ६ मे २०२१ ला आली. रस्टचा कंपायलर दुसऱ्यांदा बिल्ड करताना सगळं काम नव्यानं करत नाही. मागच्या वेळी काढलेली उत्तरं तो डिस्कवर ठेवतो आणि प्रत्येक उत्तराचा एक फिंगरप्रिंट (उत्तरावरूनच काढलेली छोटी ओळखखूण) सोबत जपतो. ज्याचं इनपुट बदललं नाही ते पुन्हा मोजायचं नाही, यालाच इन्क्रिमेंटल कंपाइलेशन म्हणतात. यातली मेख अशी की तेच इनपुट असताना नव्यानं मोजलेलं उत्तर जुन्याशी जुळायलाच हवं. नाही जुळलं तर कुठेतरी पाणी मुरतंय. १.५२ मध्ये ही जुळणी तपासणारा कोड सगळ्यांच्या रिलीजमध्ये चालू झाला आणि ठिकठिकाणी बिल्ड कोसळू लागले: अस्थिर फिंगरप्रिंट सापडले, कंपायलर पॅनिक. चारच दिवसांनी, १० मे ला, १.५२.१ काढावी लागली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की चांगला चाललेला कंपायलर टीमनं मोडला आणि मग घाईघाईनं सांधला. पण बग नवे नव्हतेच, तपासणी तेवढी नवी होती. त्याच विसंगती आधीच्या आवृत्त्यांमध्येही होत्या. तेव्हा त्यांच्यावर कुणी बोट ठेवत नव्हतं, आणि त्यांच्यातून चुकीचा कोड बाहेर पडण्याचा धोका कायम होता. टीमपुढे सोपी पळवाट होती. तपासणी पुन्हा बंद करायची, क्रॅश थांबतात, लोक गप्प होतात, येरे माझ्या मागल्या. त्यांनी तसं केलं नाही. ज्या सोयीवर भरवसा ठेवता येत नव्हता ती इन्क्रिमेंटलची सोयच १.५२.१ मध्ये बंद ठेवली. ज्यांना ती हट्टानं हवी त्यांनी ती आपण होऊन चालू करावी, पण मग तपासणी आणि क्रॅशही पदरात घ्यावेत. बिल्ड संथ झाले, लोक कुरकुरले, आणि जुलैच्या अखेरीस १.५४ मध्ये ती सोय परत आली. या विषयात घेतल्या गेलेल्या निर्णयांपैकी मला हा सगळ्यात शहाणा वाटतो. एक दोष मात्र दाखवायलाच हवा. १.५२.० मधला पॅनिक वाचून सामान्य माणसाला काहीच उमगत नव्हतं. 'कॅश (साठवलेली जुनी उत्तरं) पुसून टाका, बिल्ड होईल, आणि आम्हाला कळवा' एवढं तरी तिथे लिहायला हवं होतं. तसा मजकूर नंतर आला. तपासणी चालू करण्याच्या दिवशीच तो हवा होता.

हाच प्रश्न असर्टच्या, म्हणजे गृहीतक खोटं निघालं तर तिथेच थांबवणाऱ्या तपासण्यांच्या, रूपानं प्रत्येक कंपायलरपुढे आहे, आणि इथे जीसीसी आणि एलएलव्हीएम (सी++ चा क्लँग, रस्टचा कंपायलर वगैरे ज्यावर उभे आहेत तो पाया) यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. जीसीसीच्या रिलीज आवृत्तीत साधे असर्ट चालू राहतात. महागड्या तपासण्या तेवढ्या विकासाच्या आवृत्तीपुरत्या ठेवलेल्या असतात. असर्ट बंद करायची सोय आहे, पण इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्येच बजावलंय की त्यानं कंपायलर किंचित वेगवान होईल, मात्र न पकडलेल्या अंतर्गत चुकांमुळे चुकीचा कोड निघण्याचा धोका वाढेल. एलएलव्हीएममध्ये उलट आहे. रिलीज बिल्डमध्ये असर्ट मुळातच बंद असतात. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे 'इथे कधी पोहोचताच येणार नाही' हे सांगायला तिथे जे मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ठरलेल्या कोडनं बदललं जाणारं नाव) वापरतात, ते. असर्ट चालू असतील तर तिथे पोहोचल्यावर ते संदेश देऊन थांबतं. नेहमीच्या रिलीज बिल्डमध्ये मात्र तेच मॅक्रो ऑप्टिमायझरला (कोड वेगवान करणाऱ्या भागाला) दिलेली हमी बनतं: ही वाट अस्तित्वातच नाही असं समज आणि हवं ते कर. म्हणजे ज्या जागी पहारेकरी उभा होता, तिथे आता पहारेकरी नाही एवढंच झालेलं नाही, तिथला दरवाजाही काढून टाकलाय.

एलएलव्हीएमवाल्यांची बाजू मला कळते. कंपाइलला लागणाऱ्या वेळावरून त्यांना रोज बोलणी खावी लागतात, आणि असर्ट चालू ठेवले की वेळ चांगलाच वाढतो. पण ही तक्रारींची तुलनाच मुळात असमान आहे. वेळेची तक्रार करणाऱ्याला आपलं दुखणं कळतं. चुकीचा कोड ज्याच्या वाट्याला आला, त्याला तो कंपायलरकडून आलाय हेच कळत नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही. ऐकू येणाऱ्या तक्रारींवर धोरण ठरवलं तर कौल नेहमी वेगाच्याच बाजूनं लागणार. सगळे असर्ट चालू ठेवा असा माझा आग्रह नाही. एखादा पॉइंटर नल आहे का, एखादा प्रकार अपेक्षित यादीतला आहे का, अशा एका तुलनेत संपणाऱ्या तपासण्या रिलीजमध्ये राहाव्यात, आणि पोहोचताच येणार नाही म्हटलेल्या जागी खरोखरच थांबावं. सगळं अंतर्गत रूप पिंजून काढणारे व्हेरिफायर विकासापुरते ठेवले तरी माझी हरकत नाही. जीसीसीची विभागणी साधारण अशीच आहे.

थांबल्यावर पुढचा मुद्दा कबुलीचा. संदेशातून दोष कुणाच्या माथी जातो?

मोठा सी++ प्रकल्प, मेमरी बेताची, आणि 'मेक' या बिल्ड चालवणाऱ्या हत्याराला एकदम डझनभर फाइल्स कंपाइल करायला सांगितलेलं. लिनक्सची मेमरी संपते, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस निवडून मारतो, आणि ती असते सी++ चा खरा कंपायलर, सीसी१प्लस. जुन्या जीसीसीत अशा वेळी काय छापून यायचं? 'इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड', आणि खाली विनंती की कृपया सविस्तर बग रिपोर्ट पाठवा. चोर सोडून संन्याशाला सुळी! कंपायलरचा इथे काडीचाही दोष नाही. त्याला बाहेरून मारलंय, आणि मारणाऱ्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये हे सुधारलंय. आता नुसतं सांगतात की किल सिग्नलनं प्रोग्राम संपवला. दिसायला सुधारणा फुटकळ आहे, पण जुन्या संदेशानं किती जणांना 'आयसीई म्हणजे मेमरी कमी पडली, पुन्हा चालवून बघू' अशी सवय लावली असेल कुणास ठाऊक. खऱ्या आयसीईलाही मग तीच वागणूक मिळते. एखाद्या बिल्ड सर्व्हरवर 'नापास झालं तर पुन्हा चालव' असं एकदा लिहून ठेवलं की अधूनमधून येणारा खरा बग वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही.

हार्डवेअरचीही अशीच गोष्ट. नव्वदच्या दशकात लिनक्स कर्नल कंपाइल करताना जीसीसी सिग्नल ११ नं (चुकीच्या मेमरी पत्त्याला हात लावल्याचा सिग्नल) मरायचा, आणि पुष्कळदा दोषी निघायची खराब रॅम. कर्नलचं कंपाइलेशन मेमरीला इतकं दामटतं की नेहमीच्या कामात न दिसलेला एखादा बिट तिथे उघडा पडतो. जीसीसीनं यातून चांगला धडा घेतला. बग कळवण्यासाठी माहिती जमवणारा त्याचा पर्याय चालू असेल, तर आयसीई आल्यावर ड्रायव्हर (कंपायलरचे टप्पे चालवणारा वरचा प्रोग्राम) तेच कंपाइलेशन आपणच पुन्हा करून बघतो. दरवेळी तीच चूक आली नाही तर स्पष्ट सांगतो की हा बग पुन्हा घडवता येत नाही, तेव्हा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष असावा. कंपायलरनं स्वतःवर शंका घेऊन ती तपासून पाहावी, याचा हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना. फक्त मूळ जीसीसीत तो पर्याय आपल्याला सांगून चालू करावा लागतो, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला तो असल्याचं ठाऊकच नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरचा सी१००१ हा संदेश वर्षानुवर्षं वेगळाच सल्ला देत आलाय: वर दाखवलेल्या जागेजवळचा तुमचा प्रोग्राम सोपा करून किंवा बदलून बघा. व्यवहारात सगळे हेच करतात हे मान्य. मीही करीन. पण चूक करणाऱ्यानंच 'तुम्ही जरा बाजूनं जा' म्हणावं, हा उद्धटपणा आहे. आधी कबुली, मग पुरावा कुठे ठेवलाय ते, आणि शेवटी आडवाट, या क्रमानं सांगितलं असतं तर तोच सल्ला गोड लागला असता.

उलट्या दिशेचीही चूक असते. एलएलव्हीएमच्या बॅकएंडमध्ये (मशीनचा कोड काढणाऱ्या भागात) घातक चूक जाहीर करणारं एकच फंक्शन कित्येक वर्षं दोन्ही कामांना राबत होतं. वापरणाऱ्यानं न जमणारी मागणी केली तरी तेच, आणि कंपायलरचं स्वतःचं बिनसलं तरी तेच. अलीकडे त्याची दोन फंक्शनं केली गेली, एक वापरातल्या चुकांसाठी आणि एक अंतर्गत चुकांसाठी. हे पहिल्या दिवसापासून वेगळं असायला हवं होतं, पण उशिरा का होईना, झालं.

आता जरा अवघड प्रश्नाकडे. वापरणाऱ्याच्या कोडमध्ये खरोखर चूक आहे, कंपायलरनं ती दाखवली, आणि त्यानंतर तो स्वतःच कोसळला तर? जीसीसीची रिलीज आवृत्ती अशा वेळी आयसीई छापतच नाही. 'आधीच्या चुकांमुळे गोंधळलो, थांबतो' अशा अर्थाचं एक वाक्य टाकून बाहेर पडते. विकासाच्या आवृत्तीत मात्र आयसीई उघड दिसते. यामागचा विचार समंजस आहे. माणसाला आपली चूक कळली आहे, ती दुरुस्त केली की पुढचा गोंधळही बहुधा मिटेल, मग त्याला बग रिपोर्ट लिहायला कशाला बसवा? तरीही मला ही झाकली मूठ पुरती पटत नाही. आधीची चूक आणि नंतरचं कोसळणं यांचा संबंध आहे असं इथे नुसतं मानलेलं आहे, तपासलेलं नाही.

रस्टनं यावर काढलेली तोड अधिक नेमकी आहे. तिथे कंपायलर लिहिणारा एखाद्या जागी 'विलंबित बग' नोंदवू शकतो. त्याचा अर्थ असा: मी इथे पोहोचलोय, म्हणजे वापरणाऱ्याला कुठली तरी चूक आधी दाखवली गेली असणार किंवा शेवटपर्यंत दाखवली जाणार. कंपाइलेशन संपताना हिशेब होतो. खरंच चूक दाखवली गेली असेल तर नोंद गुपचूप टाकून दिली जाते. एकही चूक दाखवली नसेल तर हीच नोंद आयसीई बनून उभी राहते. गृहीतक मनात ठेवण्याऐवजी ते कोडमध्ये लिहून त्याची शेवटी झडती घ्यायची, ही कल्पना कुठल्याही कंपायलरला उचलता येईल. फार मोठी यंत्रणाही लागत नाही.

अवैध कोडवरच्या आयसीईंना दुय्यम मानायची पद्धत सगळीकडे आहे. जीसीसीच्या बग नोंदींमध्ये वैध कोडवरची आयसीई आणि अवैध कोडवरची आयसीई यांना वेगवेगळे शिक्के आहेत आणि दुसऱ्या प्रकारच्या नोंदी बहुधा मागे पडतात. चुकीचा कोड काढणारे बग आधी, वैध कोडवरचे क्रॅश त्यानंतर, हा क्रम मलाही मान्य आहे. पण कंपायलर फक्त 'बिल्ड' म्हटल्यावर चालायचा तो जमाना गेला. क्लँगडीसारखे सर्व्हर एडिटरच्या मागे बसून तुम्ही टाइप करत असलेला कोड सतत वाचत असतात, आणि टाइप होत असलेला कोड जवळजवळ नेहमीच मोडका असतो. कंस उघडलाय पण मिटलेला नाही, नाव अर्धंच लिहिलंय. त्या सर्व्हरसाठी अवैध कोड हाच रोजचा रतीब आहे. तिथे कोसळलं की सुचवण्या, शोध, सगळं एकदम जातं. अर्थात फझर (यदृच्छेनं इनपुट रचून मारा करणारं हत्यार) चालवून निघालेल्या निरर्थक अक्षरांच्या शेकडो नोंदी कुणी ओतत असेल तर सांभाळणाऱ्यांनी वैतागू नये असं मी म्हणणार नाही. माणसानं टाइप करताना गाठलेला क्रॅश आणि फझरनं गाठलेला क्रॅश यांत फरक करायला हरकत नाही.

शेवटी पुरावा, आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. जीसीसीच्या बग कळवण्याच्या पानावर काय पाठवू नका याची यादी आहे. हेडर (सोर्समध्ये ओढून घेतल्या जाणाऱ्या जोड-फाइल्स) नसलेली सोर्स फाइल नको, सोर्स आणि हेडरांचं गाठोडं नको, ज्या पॅकेजचा बिल्ड फसला त्याचा नुसता पत्ता नको, ती चूक घडवत नसलेला तुकडा नको. प्रत्येक कलम रास्त आहे. पण ही यादी वाचल्यावर जाणवतं की घरचं काम पाहुण्याला सांगितलंय. ज्याचा बिल्ड मोडलाय त्यानंच प्रीप्रोसेस करायचं (हेडर आत ओतून एकच फाइल करायची), फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) उतरवायचे, आवृत्ती शोधायची आणि फाइल लहान करायची.

हे लहान करणं प्रत्यक्षात कसं असतं पाहा. प्रीप्रोसेस केलेली सी++ फाइल हजारो ओळींची असते. तिच्यातून क्रॅश घडवणाऱ्या पाच-दहा ओळी काढायच्या असतात. अँड्रियास झेलर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या डेल्टा डिबगिंगपासून याची यंत्रं आहेत, आणि युटाच्याच लोकांचं सी-रिड्यूस हे त्यातलं बहुधा सगळ्यांत जास्त वापरलेलं. त्याला एक छोटी स्क्रिप्ट द्यायची. या फ्लॅगांनी कंपाइल कर आणि हवं ते घडलं तर होकार दे, एवढंच तिचं काम. नवशिका तिथे फक्त कंपायलर नापास झाला का ते तपासतो. मग यंत्र इमानदारीत कातरत जातं आणि शेवटी एकुलता एक कंस हातावर ठेवतं. एकट्या कंसावरही कंपायलर नापासच होतो! शहाणा माणूस आउटपुटमध्ये आयसीईतलं फंक्शनचं नाव शोधतो. तरीही घसरायला होतंच. कातरता कातरता मूळ बग निसटतो आणि त्याच फंक्शनमधला दुसराच कुठला तरी हाती येतो, किंवा वैध कोड केव्हा अवैध झाला ते कळतच नाही आणि रिपोर्ट मागच्या रांगेत जाऊन पडतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये आणखी एक अट घालावी लागते, की दुसऱ्या एखाद्या कंपायलरनं हा कोड बिनतक्रार स्वीकारला पाहिजे. हे सगळं ज्याला ठाऊक आहे तो बहुधा कंपायलरवरच काम करणारा असतो. बाकीचे टॅब बंद करतात आणि कोड बदलून पुढे जातात.

क्लँगनं यातलं निम्मं काम स्वतःकडे घेतलंय. कोसळल्यावर तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये प्रीप्रोसेस केलेली फाइल आणि तीच आज्ञा पुन्हा चालवणारी स्क्रिप्ट ठेवतो, कोणता पास चालू होता ते सांगतो, आणि या दोन फाइल्स रिपोर्टला जोडा म्हणतो. त्याच प्रकल्पातल्या एमएलआयआर या कंपायलर बांधायच्या चौकटीत पास मॅनेजरला सांगून ठेवलं तर तो क्रॅश झाल्यावर बिघाड पुन्हा घडवायला पुरेल इतकं इनपुट आणि पासांची यादी एकाच फाइलमध्ये लिहून देतो. आता पुढची पायरी का नको? कातरण्याचं यंत्र एलएलव्हीएमकडे तयार आहे, 'कोणता क्रॅश' हे कंपायलरला स्वतःलाच सगळ्यांत नीट माहीत आहे, म्हणजे ती स्क्रिप्ट लिहायला सगळ्यांत योग्य कंपायलरच. वापरणाऱ्यानं हो म्हटलं की यंत्रानं रात्रभर फाइल कातरत बसावं.

असं केलं तर गोपनीयतेची अडचणही बरीच सुटते. प्रीप्रोसेस केलेली फाइल म्हणजे कंपनीचा सोर्स, आणि तो बाहेर पाठवायची परवानगी बहुतेकांना नसते. म्हणूनच क्रॅशचा अहवाल आपोआप कुठे तरी पाठवून देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. पण वापरणाऱ्याच्याच मशीनवर कातरून, नावं बदलून उरलेल्या दहा ओळींमध्ये धंद्याचं गुपित सहसा शिल्लक राहत नाही. त्या डोळ्यांनी वाचून 'हे पाठवायला हरकत नाही' असं कुणीही ठरवू शकतं. हजारो ओळींच्या फाइलबद्दल तसं कुणालाच म्हणता येत नाही.

एवढं करून पोचलेल्या रिपोर्टचं पुढे काय होतं? पुष्कळदा भिजत घोंगडं. दुरुस्ती करायला माणूस नाही, नोंद उघडीच राहते, मग कुणाच्या तरी दुसऱ्याच बदलानं क्रॅश नाहीसा होतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्त झाला की नुसता झाकला गेला, तेही कळत नाही. रस्टच्या टेस्टमध्ये आता क्रॅशेस नावाचं एक फोल्डर आहे. त्यात अजून न सुटलेल्या आयसीई घडवणारे कोड ठेवलेले असतात आणि प्रत्येकाकडून अपेक्षा हीच की कंपायलर इथे कोसळला पाहिजे. एखाद्याच्या बदलानंतर तो कोसळला नाही तर टेस्ट नापास होते. मग त्या माणसाला थांबून पाहावं लागतं की बग खरंच गेला का, गेला असेल तर तो कोड नेहमीच्या टेस्टमध्ये हलवावा लागतो आणि जुनी नोंद बंद करावी लागते. जीसीसीच्या टेस्टच्या यंत्रणेतही इथे आयसीई अपेक्षित आहे असं लिहून ठेवायची खूण आहे. उघड्या पडून राहिलेल्या नोंदींसाठी ती अशीच पद्धतशीर वापरायला लागलं, तर रात्रभर कातरून पाठवलेल्या त्या दहा ओळींवर निदान दर बिल्डला कुणाची तरी नजर पडेल.